सात किलो सहाशे

मला राग पटकन येतो, हे आधीच सांगून टाकते. भंडारा जिल्ह्यात, अड्याळजवळच्या एका हायस्कूलात पंचवीस वर्षं गणित शिकवून राहिले. या हातानं किती खडू फेकले असतील, मोजायला बसले तर दुसरा जन्म घ्यावा लागेल. पोरं पाठीमागे मला ‘फटाका मॅडम’ म्हणतात. म्हणू देत. पण आयुष्यात एकदाच माझी बोलती बंद झाली, आणि ती करणारी बाई माझ्याच वर्गात मागच्या बाकावर बसत होती. दहावीच्या गणितात तीनदा नापास झालेली, अंगणवाडीची मदतनीस. वच्छला मेश्राम.

वच्छला मूळची कारध्याची. लग्न होऊन आमच्या बाजूच्या खेड्यात आली. नवरा अश्वजित वरठीच्या कारखान्यात ठेक्यावर, आठवडाभर तिकडेच राहायचा. इकडे दोन मुलं, सासू, आणि अंगणवाडी. सकाळी झाडायचं, पाणी भरायचं, घरोघरी जाऊन लेकरं गोळा करून आणायची, खिचडी शिजवायची, भरवायची, नाकं पुसायची, परत पोचवायची. बारा वर्षं हेच. आवाज असा बारीक की हजेरी घेताना मला दोनदा विचारावं लागायचं. मी चिडायचे, ती मान खाली घालायची.

दोन हजार दहा सालची गोष्ट. त्या वर्षी डिसेंबरात अंगणवाडीच्या सेविका पार्वताबाई रिटायर होणार होत्या. वच्छलानं ऑक्टोबरच्या परीक्षेत गणित सोडवलं, म्हणजे दहावी पास झाली, तर त्या जागेवर तिचं नाव जाणार होतं. नाही तर बाहेरून कोणी तरी येणार आणि वच्छला जन्मभर झाडू मारत राहणार. पेपर होता मंगळवारी, पाच ऑक्टोबरला. अर्ज भरतानाच तिनं मला सांगून ठेवलं होतं, “मॅडम, या खेपेले झालं नाही तर मी पुन्हा बसत नाही. घरी हसतेत लोक.”

नापासांचा वर्ग मी रविवारी घ्यायचे, फुकट. सहा जण होते. या लोकांची अडचण हिशोबाची नव्हतीच. राईस मिलमधला घनश्याम तोंडानं असे गुणाकार करायचा की मी कागद शोधत बसायचे. पण पेपरात ‘मध्यक काढा’ आलं की सगळ्यांना घाम. मागितलंय काय हेच कळायचं नाही. मग भलतंच काहीतरी काढून ठेवायचे, तेही अगदी बरोबर, आणि भोपळा घेऊन यायचे. एकदा मी ओरडले, “अरे, निदान शब्द तरी पाठ करा!” घरी गेल्यावर स्वतःचाच राग आला. पाठ करून शब्द कळतो का कुठे?

मग शब्दकोडं सुरू केलं. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे पट्टीनं चौकटी आखायच्या, खाली सूत्रं लिहायची, भिंतीला टांगायचं. आडवा एक: सगळं एकत्र करून सारखं वाटलं तर एकेकाच्या वाट्याला येतं ते. उभा दोन: यादीत सगळ्यात जास्त वेळा येतो तो. उभा पाच: लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत उभे केले तर बरोब्बर मधला. मध्य, बहुलक, मध्यक. नियम एकच. जो चौकट भरेल त्यानं तो शब्द आपल्या स्वतःच्या कामातल्या आकड्यांवर फळ्यावर करून दाखवायचा. पुस्तकातले आकडे चालणार नाहीत.

घनश्याम तांदळाच्या कट्ट्यांची, म्हणजे पोत्यांची, वजनं आणायचा. हिरालाल आपल्या म्हशींचं दूध आणायचा, त्यात पाणी किती ते विचारलं की सगळे हसायचे. वच्छलानं अंगणवाडीतल्या एकतीस लेकरांची वजनं वहीत उतरवून आणली. जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. चार रकाने, एकेका लेकराच्या नावासमोर चार आकडे.

खोटं कशाला बोलू, मी त्या आकड्यांच्या प्रेमातच पडले. जूनचा मध्य आला अकरा किलो चारशे. जुलैचा अकरा सहाशे. ऑगस्टचा अकरा आठशे. सप्टेंबरचा बारा. काय सुरेख! घनश्यामचे आकडे कसे आडवेतिडवे, भागाकार संपता संपत नाही, आणि हे बघा. “सामग्री असावी तर अशी,” मी सगळ्यांसमोर म्हटलं. वच्छला लाजली. तिला कोणी कधी शाबासकी दिलीच नसावी. पुढचे तीन रविवार मी कोड्यातला प्रत्येक शब्द तिच्याच वहीवर करून घेतला.

सव्वीस सप्टेंबरचा रविवार. पेपरला नऊ दिवस. त्या दिवशीच्या कोड्यात आडवा तीन होता: सगळ्यात मोठ्यातून सगळ्यात लहान वजा केलं की उरतं ते. तीन चौकटी. वच्छलानं हात वर केला. पहिल्यांदाच, मी न विचारता.

“विस्तार,” ती म्हणाली. आणि आवाज मागच्या भिंतीपर्यंत गेला.

“शाबास! ये फळ्यावर.”

तिनं जून काढला. सगळ्यात जड लेकरू पंधरा किलो सहाशे, सगळ्यात हलकं आठ किलो. विस्तार सात किलो सहाशे. जुलै. पंधरा आठशे, आठ दोनशे. सात किलो सहाशे. ऑगस्ट. सोळा, आठ चारशे. सात किलो सहाशे. सप्टेंबरला तिनं सोळा दोनशे लिहिलं, त्याखाली आठ सहाशे लिहिलं, आणि खडू थांबला.

मी मात्र सुटले होते. “बघा रे सगळ्यांनी! प्रत्येक आकड्यात सारखीच भर घातली की मध्य तेवढ्यानं वाढतो, पण विस्तार जागचा हलत नाही. याच्यावर पेपरात हमखास प्रश्न येतो!” मी टाळीसुद्धा वाजवली. हो, वाजवली. आजही आठवलं की हात झटकावेसे वाटतात.

वच्छला वळली. “मॅडम, मले घरी जायचं आहे.”

“आत्ता? अजून उभे शब्द राहिले.”

“मले जाऊ द्या.”

ती वही फळ्यापाशीच टाकून गेली. मला आला राग. नऊ दिवसांवर पेपर आणि ही नखरे करते! वही उचलून तिच्या मागे गेले. ती गेटपाशी सायकलचं कुलूप काढत होती, चावी लागत नव्हती.

“काय झालं काय तुला?”

“मॅडम, मी मोजलंच नाही.”

“काय मोजलं नाही?”

“जूनचं पार्वताबाईनं मोजलं. मग त्या गेल्या गुडघ्याच्या ऑपरेशनले. जुलैत सारं गाव धान रोवण्यावर. लेकरं भी मायसंगच बांधीत, धुऱ्यावर झोपवलेली. अंगणवाडीत येईना कोणी. रकाना तर भरावा लागते. मले वाटलं, वाढत्या आंगाची लेकरं, मयन्याले दोनशे ग्राम तर वाढतेच. सारेईच्या नावावर दोनशे टाकले. ऑगस्टात भी तसंच. कोणी काही बोललं नाही. सप्टेंबरात लेकरं येत होती मॅडम, काटा भी होता. पण मी दुपारी कोडं सोडवत बसली. लिवून टाकलं.”

माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. तीन आठवडे मी ते आकडे फळ्यावर नाचवले. एकतीस लेकरं महिन्याला बरोब्बर दोनशे ग्राम वाढतात, तीन महिने, एकही इकडचं तिकडे नाही. गणिताची मॅडम मी! आणि मला ते सुंदर दिसत होतं.

“आठ किलोवालं कोण?” मी विचारलं.

“टीना. रुखमिणीची. पावणेदोन वर्षाची होती जूनात.” मग हळूच म्हणाली, “तिले ऑगस्टात हगवण लागली होती.”

मी तिला स्कूटीवर बसवलं. सायकल गेटलाच राहिली. वाटेत माझ्या खांद्यावरचा तिचा हात इतका घट्ट होता की संध्याकाळी तिथे वळ दिसला. अंगणवाडी उघडली, कपाटातून घड्याळासारखा गोल वजनकाटा आणि झोळी काढली, आणि आम्ही रुखमिणीच्या घरी गेलो. रुखमिणी अंगणात भांडी घासत होती. आम्हाला दोघींना, त्यातही मला, पाहून घाबरली.

“काही नाही वो, वजन करायचं राह्यलं होतं,” वच्छला म्हणाली.

टीना छपरीत गोधडीवर बसली होती. रडत नव्हती. खेळतही नव्हती. नुसती बसून होती. काटा छपरीच्या मयालीच्या आडव्या लाकडाला टांगला. वच्छलानं तिचा झबला काढला, पायातले वाळे काढले आणि तिला झोळीत घातलं. दोन वर्षाचं पोर झोळीत घातलं की हातपाय झाडतं, बोंबलतं, काटा हलत राहतो. हिनं काहीच केलं नाही. काटा लगेच थांबला.

सात किलो शंभर.

वच्छलानं काटा खाली उतरवला, पुन्हा टांगला, पुन्हा पाहिलं. सात किलो शंभर. रजिस्टरात आठ सहाशे. आठ सहाशे म्हणजे तक्त्यावर पिवळा पट्टा, चालतंय, लक्ष ठेवा. सात शंभर म्हणजे पिवळ्याच्याही खाली, ताबडतोब दवाखाना. तीन महिने ते पोर घसरत होतं आणि कागदावर वाढत होतं.

रुखमिणी विचारत होती, “बरी आहे ना वो ताई? मयन्याच्या मयन्याले तुमी सांगता ना वाढून राह्यली म्हणून?”

वच्छला खाली बसून टीनाच्या पायात वाळे घालू लागली. मी म्हटलं, “उद्या डॉक्टरला दाखवू.”

आता पुढचं सांगायची मला लाज वाटते, पण सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. परत येताना रस्त्याच्या कडेला मी स्कूटी थांबवली आणि वच्छलाला शहाणपण शिकवलं. म्हटलं, “हे बघ. पोरीला दवाखान्यात जरूर ने. पण रजिस्टरचं तोंडातून काढू नको. बुधवारी तुझी सुपरवायझर येणार, तुझ्या नावाच्या कागदावर सही करणार. ती सही होऊ दे, पेपर होऊ दे. मग सावकाश दुरुस्त कर. ऑक्टोबरच्या रकान्यात खरं वजन लिही, झालं.”

“अन् दवाखान्यात डॉक्टर विचारन, मागच्या मयन्यात किती होतं, तर?”

“सांग आठ सहाशे.”

“म्हणजे एका मयन्यात दीड किलो उतरली, असं होईल. डॉक्टर भलताच रोग शोधत बसन. उतरून राह्यली जूनपासून, मॅडम. हे मी नाही सांगितलं तर त्याले कसं समजन?”

“अगं, तुझं काय होईल ते कळतंय का तुला? नोकरी जाईल! बारा वर्षं घातलीस. आठ दिवस थांब म्हणते आहे मी, फक्त आठ दिवस!”

तिनं पहिल्यांदा माझ्या डोळ्यात पाहिलं. “बाकीचे तीस लेकरं भी आहेत, मॅडम. त्यातलं कोण उतरलं, मले आज माहीत नाही. आठ दिवस तुमाले लहान वाटून राह्यले काय? मी तीन मयने हेच म्हटलं, पुढच्या मयन्यात पाहू.”

माझी बोलती बंद झाली ती तिथे.

सोमवारी सकाळी ती टीनाला आणि रुखमिणीला घेऊन अड्याळच्या सरकारी दवाखान्यात गेली. डॉक्टरसमोर, आणि रुखमिणीसमोर, तिनं सगळं सांगितलं. मी तिथे नव्हते, शाळेत होते, आणि खरं म्हणजे बरं झालं नव्हते. रुखमिणी उठली आणि तिनं वच्छलाच्या थोबाडीत मारली, असं नंतर कळलं. वच्छलानं गाल धरला आणि डॉक्टरला म्हणाली, “तारखा लिवून घ्या साहेब, हगवण कधी लागली ते.” पोरीला त्याच दिवशी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात पाठवलं.

मंगळवारी तिनं घरोघर फिरून उरलेली तीस लेकरं मोजली. शाळा सुटल्यावर मी गेले. ती झोळी टांगायची, मी लिहायचे. एखादं लेकरू झोळीत घातलं की काटा थांबेपर्यंत आम्ही दोघी त्याच्याकडेच पाहत राहायचो. रजिस्टरात बारा चारशे, काट्यावर बारा सातशे, हुश्श. रजिस्टरात दहा दोनशे, काट्यावर नऊ तीनशे, आणि वच्छलाचे ओठ दाताखाली. चार लेकरं उतरलेली सापडली. टीनाइतकं कोणी नव्हतं. विस्तार मी काढला नाही. तिनंच काढला, शेवटचं लेकरू झाल्यावर, वहीच्या कोपऱ्यात. “आठ किलो नऊशे,” म्हणाली. “हा खरा.”

बुधवारी सुपरवायझर आल्या. वच्छलानं रजिस्टर त्यांच्यापुढे उघडून ठेवलं. तीन रकाने लाल शाईनं आडवे खोडलेले, खाली लिहिलेलं, ‘वजन न घेता भरले’, आणि तिची सही. सुपरवायझर वाईट बाई नव्हत्या. रजिस्टर बंद करून त्या म्हणाल्या, “कायले सांगितलं गं तू? मी आता न पाहिल्यासारखं नाही करू शकत.” लेखी समज मिळाली. नोकरी वाचली, कारण स्वतःहून सांगितलं. बढतीच्या यादीतून नाव मात्र उडालं. म्हणजे पाच तारखेच्या पेपरला आता काही अर्थच उरला नव्हता.

पाच तारखेला मी मुद्दाम केंद्रावर गेले. वाटलं, येणार नाही. ती आली. डोळे सुजलेले, हातात पट्टी आणि पेन.

“आता कायला देतेस?” मी विचारलं. प्रश्न वाईटच होता.

“आता कोडं अर्धं कसं सोडू?” म्हणाली, आणि आत गेली.

एक्कावन्न मार्क पडले. माझ्या सहा जणांत सगळ्यात जास्त. मी पेढे घेऊन गेले तर अंगणवाडीत नवीन सेविका आलेली होती. मनाली, बारावी पास, गावातलीच तेवीस वर्षांची सून. ती खुर्चीवर बसून वच्छलाला चुलीत लाकूड घालायला सांगत होती. माझं डोकं असं सणकलं! पण वच्छलानं डोळ्यानंच मला गप्प केलं, आणि मनालीला म्हणाली, “मॅडम, खिचडी उतरवतो, मग वजन करू. आज तारीख आहे.” तेव्हापासून आजपर्यंत त्या अंगणवाडीत वजन तीच करते. लेकराचं नाव आणि आकडा जोरात ओरडून सांगते, रस्त्यावरच्या माणसाला ऐकू जाईल असा. हजेरी देताना जिचा आवाज फुटत नव्हता, ती.

टीना वाचली. पंधरा दिवस भंडाऱ्याला होती, मग सहा महिने वच्छला रोज संध्याकाळी तिच्या घरी जाऊन आपल्या हातानं भरवायची. रुखमिणी पहिले दोन महिने तिच्याशी बोलत नव्हती. दार मात्र उघडायची.

दरवर्षी नववीला सांख्यिकीचा धडा आला की मी वच्छलाचे ते चार रकाने फळ्यावर लिहिते. नावं नाही, वर ‘लेकरांची वजनं’ आणि खाली आकडे. मध्य काढून घेते, विस्तार काढून घेते, मग विचारते, “यात काय चुकलं?” पोरं पुन्हा पुन्हा वजाबाक्या तपासतात. वजाबाकी बरोबरच असते. बारा वर्षांत कोणालाही सापडलं नव्हतं. मी रागावत नाही. मला तरी कुठे सापडलं होतं?

गेल्या वर्षी टीना नववीत होती. तिला यातलं काही माहीत नाही. वच्छलानं मला शपथ घातली आहे. शेवटच्या रकान्यात आठ सहाशे लिहिताना माझा हात जरा अडखळला, एवढंच. तिसऱ्या बाकावरून तिनं फळ्याकडे पाहिलं, कपाळाला आठी घातली आणि न उठताच म्हणाली, “मॅडम, सारेच लेकरं एकाच मापानं कसे वाढतीन? या लेकरायले कोणी मोजलंच नाही.”

मी पाठ फिरवून फळा पुसत बसले. पुसायचं काही नसलेला भागसुद्धा पुसला.

संध्याकाळी वच्छलाला फोन केला. सगळं सांगितलं. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग तिनं विचारलं, “आता वजन किती आहे पोरीचं?”

“असेल चाळीस,” मी म्हटलं. “चांगली उंच झाली आहे.”

“मोजलं, का अंदाजानं सांगून राह्यल्या?”

दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाल्याबरोबर मी ऑफिसातला वजनकाटा वर्गात आणवला आणि सगळी नववी एकेक करून त्यावर उभी केली. टीना साडेछत्तीस भरली.